पंचेचाळिशीत नोकरी सोडायची म्हटलं तर बाबा बोलेनासेच झालेत

एक्सेलची_लेक

नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३८, नवरा ४०. दोघंही नोकरी करतो. लग्न झाल्यापासून म्हणजे बारा वर्षं आम्ही खर्च लिहून ठेवतो आणि घरात येतात त्यातले साधारण ५५ टक्के बाजूला टाकतो, बहुतेक इंडेक्स फंडात (म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारे फंड), थोडे ठेवींमध्ये. मुलं नाहीत, तो आमचा निर्णय, त्यावर कृपया चर्चा नको. राहतं घर स्वतःचं आहे. आज आमच्या वर्षाच्या खर्चाच्या १७ पट रक्कम जमलीये. २५ पट झाली की दोघांनीही नोकरी सोडायची असं ठरवलंय, एक्सेल म्हणतं मी ४३ ची असताना होईल, आम्ही उगाच हात राखून ४५ धरलंय.

हे सगळं मी गेल्या महिन्यात बाबांना सांगितलं आणि तिथून गाडं बिनसलं. बाबा ७१ चे, एकाच ऑफिसात ३६ वर्षं काढली, ५८ ला रिटायर झाले, पेन्शन आहे. त्यांचा पहिला प्रश्न काय तर "ऑफिसात काही झालंय का?" मी म्हटलं काही नाही झालं. मग "तब्येत बरी आहे ना?" तीही बरी आहे म्हटलं. मग गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला गुपचूप फोन करून विचारलं की तिला काढून टाकलंय आणि ती मला सांगत नाहीये असं तर नाही ना! म्हणजे चांगली चाललेली नोकरी माणूस स्वतःहून सोडू शकतो हे त्यांच्या डोक्यात बसतच नाहीये. आता फोन केला की हवापाण्याचं बोलतात आणि आईकडे देतात.

गंमत म्हणजे बाबा रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी रोज सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून खिशाला पेन लावून बाहेरच्या खोलीत बसतात. कुठे जायचं नसतं, पेन मात्र हवंच.

तर प्रश्न दोन. एक, २५ पट खरंच पुरतं का? दोन, घरच्यांना हे कसं समजावलंत? की समजवायच्या भानगडीतच पडू नये?

चक्रवाढ

पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसऱ्यात मी स्वतःच नापास आहे.

२५ पट हा आकडा आला कुठून ते बघा म्हणजे त्यात काय गृहीत धरलंय ते कळेल. १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९२६ पासूनचे तिकडचे शेअर आणि बाँडचे आकडे घेतले आणि तपासलं की पहिल्या वर्षी जमेतले किती टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवत नेले तर वाईटातल्या वाईट काळातही पैसे ३० वर्षं टिकतील, उत्तर आलं ४ टक्क्यांच्या आसपास. १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीतल्या तीन प्राध्यापकांचा अभ्यास आला, त्यातूनही साधारण तेच निघालं आणि मग ४ टक्के म्हणजे २५ पट हे सगळ्यांना पाठ झालं.

आता यातले दोन शब्द ठळक करून वाचा. एक "३० वर्षं", दुसरा "अमेरिका". हा हिशोब साठी-पासष्टीला थांबणाऱ्यासाठी होता. तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी थांबलात तर पन्नास वर्षं धरायला पाहिजेत. आणि बाजार म्हणजे कायम अमेरिकेचाच बाजार नव्हे. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस जवळपास ३८,९१५ वर होता, तो आकडा त्याने परत ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. ३४ वर्षं! लाभांश वगैरे धरले तर चित्र थोडं बरं दिसतं, पण सगळी पुंजी त्या एकाच ठिकाणी टाकून १९८९ ला रिटायर झालेल्याला जाऊन सांगा की लाँग टर्ममध्ये सगळं ठीक होतं.

त्याहून मोठा काटा म्हणजे पडझड कधी येते. समजा तुमच्याकडे २५ आहेत आणि वर्षाचा खर्च १. पहिल्या वर्षाचा १ काढला, राहिले २४, आणि त्याच वर्षी बाजार ४० टक्के पडला. राहिले १४.४. आता तोच १ म्हणजे जवळपास ७ टक्के झाला, आणि महागाई धरून तो १ पण राहत नाही. हीच पडझड पंधरा वर्षांनी आली असती तर ओरखडा पडला असता, पहिल्याच वर्षी आली तर हाड मोडतं. सरासरी दोन्हीकडे तीच बरं का.

म्हणून मी स्वतः ३ टक्के धरतो, म्हणजे ३३ पट. तुमचा वेग बघता (महागाई वजा जाता ३ टक्के वाढ धरून) २५ पट ४३ ला, ३० पट ४५ ला आणि ३३ पट ४६-४७ ला होईल. म्हणजे सगळं भांडण तीन-चार वर्षांचं आहे. शिवाय दोन-तीन वर्षांचा खर्च शेअरबाहेर ठेवा, पडलेल्या बाजारात विकायची वेळ येऊ देऊ नका.

सव्वीस_पूर्ण

५५ टक्के?? भाड्यातच माझा निम्मा पगार जातो, हे फायरवाले (भरपूर साठवून लवकर रिटायर होणारे) लोक नक्की कुठल्या ग्रहावर राहतात

चक्रवाढ

@सव्वीस_पूर्ण चिडू नकोस, तुझा मुद्दा बरोबरच आहे. शून्यापासून सुरुवात, महागाई वजा जाता ५ टक्के वाढ आणि २५ पटीचं टार्गेट धरलं तर पगारातले १० टक्के वाचवणाऱ्याला ५१ वर्षं लागतात, २५ टक्केवाल्याला ३२, आणि ५० टक्केवाल्याला १७. यात पगार किती हा प्रश्नच येत नाही, फक्त टक्के. पण ५० टक्के वाचवता येतील असा पगार असणं हाच मुळात नशिबाचा भाग, ते कोणी मोकळेपणी कबूल करत नाही आणि वर काटकसरीचे सल्ले देत बसतात.

सेवेत_खंड_नाही

मी ६९ वर्षांचा, म्हणजे ताईंच्या बाबांच्या पंगतीतला. थोडं त्यांच्या बाजूने बोलतो, रागावू नका.

तुम्हा लोकांना वाटतं आम्ही भित्रे होतो. अहो, आमचं गणितच वेगळं होतं. आमची पेन्शन कशी ठरायची तर शेवटचा पगार आणि एकूण नोकरीची वर्षं. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी जे प्रमोशन मिळायचं ते नुसतं तीन वर्षं उपयोगी नाही, ते मरेपर्यंत दर महिन्याला घरी यायचं, आणि आपल्यामागे बायकोला त्यातला हिस्सा. तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणं म्हणजे पीक कापणीला आलं असताना शेत सोडून जाणं. आमच्याकडे एक जण चार महिने कमी पडले म्हणून पूर्ण पेन्शनला मुकला, त्याची गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवायचे, भुताची गोष्ट सांगावी तशी. सेवेत खंड हा शब्द ऐकला की अजून माझ्या पोटात गोळा येतो, हे टोपणनाव उगाच नाही घेतलं.

माझ्या मुलाने मला जे दाखवलं ते बरोबर उलटं निघालं. त्याला पेन्शन नाही, जे काय साठवेल ते त्याचं. त्याच्या हिशोबात सव्विसाव्या वर्षी टाकलेला एक, ५ टक्क्यांनी, छप्पन्नाव्या वर्षी ४.३ होतो, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी टाकलेला एक छप्पन्नाव्या वर्षी होतो फक्त १.६. म्हणजे त्याची सोन्याची वर्षं पहिली, आमची शेवटची. तो जेव्हा म्हणतो की मी माझी महत्त्वाची वर्षं भरून काढली आता उरलेली सोडतो, तेव्हा मला ऐकू येतं की हा मुख्य दहा वर्षंच सोडून चाललाय. हे कळायला आम्हाला दोन दिवाणखाना-युद्धं लागली.

ताई, बाबांना २५ पट वगैरे सांगू नका. त्यांना विचारा की त्यांची पेन्शन कशी ठरली होती. तासभर बोलतील बघा.

तारीखवाला

थोडं अवांतर, पण रिटायरमेंटचं वय म्हणजे जणू निसर्गाचा नियम असं समजून लोक भांडतात म्हणून लिहितो. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ ला म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला त्यात वय होतं ७०. बिस्मार्क स्वतः तेव्हा ७४ चा. सगळीकडे ठोकून देतात की त्याने ६५ ठरवलं, ते ६५ झालं १९१६ ला, तो जाऊन १८ वर्षं झाल्यावर. ब्रिटनने १९०८ च्या कायद्यात ७० च ठेवलं, अमेरिकेने १९३५ ला ६५. म्हणजे "५८ ला थांबावं", "६० ला थांबावं" हे सगळं कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर तिजोरी बघून ठरवलेलं आहे. आणि अमेरिकेत तर १९७८ च्या कायद्यातल्या एका कलमामुळे (४०१ के) पुढे कंपन्यांनी पेन्शनचं ओझं हळूहळू नोकरदाराच्याच खांद्यावर सरकवलं. आधीची पिढी निश्चिंत आणि नंतरची कॅलक्युलेटर घेऊन बसलेली, यात स्वभावाचा भाग थोडाच आहे.

परत_रुजू

मी सोडून परत आलेला माणूस. ४४ ला सोडली, साडेसेहेचाळीसला पुन्हा धरली. पैसे संपले म्हणून नाही हं, पैसे होते.

पहिले दीड महिने स्वर्ग. घरातल्या कपाटांची करकरणारी बिजागरं दुरुस्त केली, दहा वर्षांचे फोटो लावले, दुपारी झोपलो. मग एका मंगळवारी सकाळी अकराला कोणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून फोन काढला, एकामागून एक सात जणांना लावला, सगळे मीटिंगमध्ये. सातव्याने मेसेज टाकला "अर्जंट आहे का?" आता काय सांगणार, अर्जंट काहीच नव्हतं, तोच तर प्रॉब्लेम होता. मग एकदा कुठलासा फॉर्म भरताना व्यवसाय या रकान्यापाशी पेन अडकलं. निवृत्त लिहायला लाज वाटली, बेकार लिहवेना, शेवटी सल्लागार लिहिलं, कोणाचा सल्लागार देव जाणे.

आणि आकड्यांचं म्हणाल तर जमलेल्या रकमेवर जगणं वेगळं आणि ती जमवणं वेगळं. वीस वर्षं ज्याला रकमेचा आकडा वर जाताना बघायची सवय आहे त्याला तो खाली जाताना बघवत नाही. मी सोडल्याच्या पहिल्याच वर्षी बाजार घसरला, चक्रवाढ म्हणतात तेवढा नाही, पण मी दिवसातून चारदा बघायचो आणि प्रत्येक खर्चाला हात आखडायचो. म्हणजे नोकरीत होतो तेव्हा मोकळा होतो आणि मोकळा झालो तेव्हा कंजूष झालो.

आता आठवड्यात तीन दिवस काम करतो, पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैशात, जेमतेम खर्च भागतो, साठवलेल्याला हात लावत नाही. फायरवाले याला बरिस्ता फायर म्हणतात म्हणे, नाव कसलं का असेना. तुमच्या बाबांच्या खिशातल्या पेनाला हसू नका ताई, मला ते पेन फार चांगलं कळतं.

सव्वीस_पूर्ण

वर चिडून लिहिलं त्याबद्दल सॉरी. माझं थोडं वेगळं आहे. मला रिटायर व्हायचंच नाहीये, मला काम आवडतं. पण पहिल्या नोकरीत चोविसाव्या वर्षी एका सकाळी व्हिडिओ कॉलला बोलावलं, आम्ही साठेक जण होतो, सगळ्यांचे माईक बंद करून ठेवलेले, दहा मिनिटांत संपलं आणि कॉल चालू असतानाच लॅपटॉप लॉक झाला. समोर काळी स्क्रीन आणि त्यात माझंच तोंड. घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले साहेबाला जाऊन भेट, माफी माग. कोणाला भेटू? ज्याने कॉल घेतला तो पण पुढच्या महिन्यात गेला.

त्यामुळे माझ्या पिढीला "नोकरी सोडली तर सुरक्षितता जाईल" हे वाक्यच विनोदी वाटतं. ती होती कधी? मला हवेत फक्त इतके पैसे की कोणी रात्री दहाला काम टाकलं तर नको म्हणता यावं. पंचवीस पट तुमच्याजवळ ठेवा, मला आत्ता आठ महिन्यांच्या खर्चाइतके जमलेत आणि खरं सांगते, त्यातल्या सहाव्या महिन्यापासूनच मी मीटिंगमध्ये सरळ बसायला लागले.

दुपारची_पाळी

सगळं वाचलं. कोणालाच एक प्रश्न पडला नाही म्हणून विचारते. दोघंही घरी बसल्यावर घरातलं काम कोण करणार?

हसू नका. आमच्याकडे नवऱ्याने पन्नाशीला सोडली तेव्हा घरदार कौतुक करत होतं, काय धाडस काय प्लॅनिंग. मी त्याआधी सात वर्षं सोडली होती तेव्हा कोणी रिटायर हा शब्द सुद्धा काढला नव्हता, "आता घरीच असते ना" एवढंच. तो रिटायर झाल्यावर माझं काम वाढलं, कारण पूर्वी दिवसा घर रिकामं असायचं. त्याच्या शीटमध्ये खर्चाच्या सगळ्या रांगा होत्या, माझ्या वेळेची नव्हती. आणि आई-वडील किंवा सासू-सासरे आजारी पडले की "तुम्ही तर मोकळेच आहात" म्हणून सगळी भावंडं तुमच्याकडेच बघणार हे लिहून ठेवा. फुकट मिळालेला वेळ सगळ्यात आधी नातेवाईकांना दिसतो.

सोडू नका म्हणत नाहीये. सोडायच्या आधी हे दोघांनी बोला, ते ४ टक्के की ३ टक्के याच्या आधी.

उंटावरचा

सगळे इतके हिशोबी असाल तर महागाई पण धरा. ६ टक्क्यांनी खर्च बारा वर्षांत दुप्पट. ४५ ला १ असेल तर ५७ ला २, ६९ ला ४, ८१ ला ८. अंथरूण बघून पाय पसरा म्हणतात पण इथे अंथरूणच आटत जातंय. चालू द्या.

चक्रवाढ

@उंटावरचा वर महागाई वजा करूनच हिशोब मांडलाय, वाचा की राव.

एक्सेलची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी परत लिहितेय कारण मध्ये एक गोष्ट झाली.

@दुपारची_पाळी तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा नवऱ्याला वाचून दाखवला. तो आधी म्हणाला आपलं तसं नाहीये. मग आम्ही एका रविवारी कोण काय करतं ते कागदावर लिहिलं. तो कागद फ्रीजला लावलाय, सध्या एवढंच सांगते.

@सेवेत_खंड_नाही काका, तुमचं ऐकलं. गेल्या शनिवारी घरी गेले आणि बाबांना नुसतं विचारलं की तुमची पेन्शन नक्की कशी ठरली होती. तासभर नाही, अडीच तास! कपाटातून फाईल निघाली, त्यात पहिल्या नेमणुकीचं पत्र, प्रत्येक वेतनवाढीचा कागद, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. एक कागद असा निघाला की मी सहावीत असताना बाबांना दुसरीकडून दीडपट पगाराची नोकरी आली होती आणि त्यांनी ती घेतली नव्हती, हे आईला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. का नाही घेतली विचारलं तर म्हणाले, "तिथं पेन्शन नव्हती, आणि मला काही झालं असतं तर तुम्ही दोघी काय करणार होतात." मला पुढे काही बोलताच येईना. मी सहावीत असताना मला बाबांचा राग यायचा तो याच गोष्टीचा, की हे कधीच काही नवीन करत नाहीत.

मग मी लॅपटॉप उघडला आणि त्यांना आमची शीट दाखवली, २५ पट वगैरे काही न बोलता. म्हटलं तुम्ही तपासून द्या. खिशातलं पेन निघालं, चष्मा निघाला. एकेक रांग वाचली. इंडेक्स फंड म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मी पटकन स्क्रोल केलं की म्हणायचे थांब, वर घे. चाळीस मिनिटांनी म्हणाले,

"यात दात कुठायत?"

मी म्हटलं कसले दात?

"दात. माझ्या कवळीला किती गेले माहितेय का तुला? मग चष्मा, मग कानाचं यंत्र. औषधपाण्याची एकच रांग केलीयेस आणि ती पंचेचाळिसाव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत सरळ एका रेषेत नेलीयेस. असं असतं का कुठे?"

बरोबरच आहे त्यांचं. मी महागाई धरली होती पण म्हातारपण धरलंच नव्हतं. मग दोघांनी बसून साठीनंतरची, सत्तरीनंतरची आणि ऐंशीनंतरची अशा तीन वेगळ्या रांगा केल्या, आकडे बाबांनी सांगितले, स्वतःच्या वहीत बघून. चक्रवाढ, आता आमचं टार्गेट ३२ पट झालंय आणि साल सरकलंय ४६ वर, तुमचं म्हणणं शेवटी कवळीच्या रस्त्याने खरं ठरलं.

पटलंय का त्यांना? नाही. निघताना पण म्हणाले की सोडायच्या आधी एकदा बिनपगारी रजा मागून बघ, मिळते का ते. पण काल रात्री स्वतःहून फोन आला, आईकडे दिला नाही. म्हणाले ती फाईल पाठव परत, बाविसाव्या रांगेत बेरीज चुकल्यासारखी वाटतेय.